साचा क्रमांक सतरा

मे महिन्यात बेसा रोडवरच्या आमच्या घराची भिंत
रुपयाचं नाणं गिळते.
दरवर्षी टाकून पाहते मी, त्याच फटीत, न्हाणीच्या बाजूला.
ऑगस्टात फट मिटते, मग दार अडकतं.
बाबा खांद्याने ढकलत म्हणतात, माती श्वास घेते गं.
श्वास नाही बाबा, माँटमोरिलोनाइट.
तेच ते, म्हणतात, आणि पुन्हा खांदा लावतात.

प्रयोगशाळेत तीच माती चाळणीतून पाडते,
चारशे पंचवीस मायक्रॉन.
पितळी वाटीत थापते, मधोमध चर ओढते,
दांडा फिरवते: टप, टप, टप.
पंचवीस ठोक्यांत चर मिटायला हवा.
कूलरच्या घरघरीत मोजणी चुकते.
पुन्हा.

जीवाणू पुण्याहून मागवले होते,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फात, पावतीसकट.
युरिया खातात, अमोनिया सोडतात,
आणि कॅल्शियम मिळालं की
कणाकणाच्या सांध्यावर चुना बसवतात.
गवंडीच, पण थापी नाही, ओळंबा नाही, हजेरीपट नाही.
निदान छापील पानांवर तरी.
पानांवरची ती वाळू होती, कन्हानच्या रेतीसारखी मोकळी.
आमच्या काळ्या मातीत वाटाच इतक्या अरुंद
की पाहुणे उंबऱ्यावरच मेले.

साचा एक ते अकरा: वाळले तसे तडकले.
बारावा काढता काढता हातात सांडला.
सर म्हणाले, विषय बदलून बघ.

तुळशीराम उईके, परिचर, निवृत्तीला सात महिने,
साचे घासता घासता बोलले,
"मॅडम, बाहेरून काहून आणता बाप्पा?
इथलेच असन ना कोनी मातीत.
त्याईलेच जेवू घाला ना."
मी हसले.
रात्री झोप आली नाही.

अंगणातच खणलं मग, हातभर खोल.
इतवारीतून गूळ आणला, काळा, सगळ्यात स्वस्त.
गुळाचं पाणी, युरिया,
दोन दिवसांनी कॅल्शियम, थेंब थेंब,
आजाऱ्याला पेज पाजतात तसं.

चौथ्या दिवशी अमोनिया मजलाभर फिरला.
पलीकडच्या वर्गाने खिडक्या लावून घेतल्या.
उईके नाकाला रुमाल धरून म्हणाले,
"जेवले वाटते."

कोण होते ते? नावं मला अजून ठाऊक नाहीत.
आमच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले,
सेहेचाळीस अंशांत मुटकुळं करून निजणारे,
आम्ही पाया खोदला तेव्हा
आम्हाला कुणी विचारलं नाही, तसंच त्यांनाही नाही.

सतरावा दाबयंत्राखाली ठेवला, पंधराव्या दिवशी.
काटा सरकला.
जिथे आधीचे सगळे बसले
तिथून तो पुढे गेला, सावकाश, घाई नसल्यासारखा.
उईकेंनी चष्मा पुसला.
मग तिरकी चीर, वरच्या कडेपासून खालपर्यंत.
फुटलाच.
फुटायचाच असतो; किती उशिरा, तेवढं वहीत लिहायचं.

चिरेत काहीतरी पांढरं, मिठाच्या खड्याहून लहान.
आम्लाचा थेंब सोडला: फसफसलं.
"कंकर," उईके वाकून म्हणाले.
"माहा बाप असे मोठे खडे येचे, पारशिवनीकडं,
भट्टी लावे चुन्याची."
मग गप्प राहिले.
मीही वहीत तेवढा भाग रिकामा सोडला.

अठरा आणि एकोणीस आता पाण्यात बुडवलेत.
फुगतील. किती, ते कळायला अजून आठवडा.
एका साच्याने घर उभं राहत नाही, हेही मला कळतं.

तरी संध्याकाळी न्हाणीच्या बाजूला उकिडवी बसते,
हातात तांब्या.
फटीत काय ओततेस, बाबा विचारतात.
गुळाचं पाणी.
बाबा बराच वेळ भिंतीकडे बघतात.
मुंग्या येतील, म्हणतात.